‘करेन कधीतरी’ला एक तारीख द्या



आज पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. घरातला माळा, दिवाणाखालचा कप्पा किंवा कपाटाचा सगळ्यात वरचा खण, जे जवळ असेल ते उघडा आणि दोन मिनिटं फक्त बघा. काही काढू नका, काही आवरू नका.

काय दिसलं? दिवाळीच्या लाइटच्या माळा, मिठाईचे रिकामे डबे, जुन्या मिक्सरचं खोकं हे तर असणारच. पण त्यांच्या शेजारी आणखीही काही असेल. गुंडाळून ठेवलेली योगा मॅट. चार बोटं विणून थांबलेला स्वेटर आणि लोकरीचे गुंडे. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं. केक शिकायचं ठरवलं तेव्हा आणलेले साचे. रंगांचा संच, ज्यातल्या ट्यूब आता बहुधा वाळल्या असतील.

डबे आणि खोकी आपण ‘असू दे, लागेल कधीतरी’ असं म्हणून ठेवतो. मॅट, लोकर आणि पुस्तकं ठेवताना म्हणतो, ‘करेन कधीतरी’. घरात सगळ्यात जास्त जागा या ‘कधीतरी’नेच अडवलेली असते.

घर कसं आवरावं यावर आपण खूप वाचतो. संकल्प कसे पूर्ण करावेत यावरही वाचतो. मला मात्र वाटतं, ही दोन्ही कामं एकत्र केली तरच नीट होतात. कारण पसाऱ्यातला एक मोठा भाग आपल्या राहून गेलेल्या गोष्टींचा असतो. त्या करायच्या की सोडायच्या हे ठरत नाही, तोवर माळा कितीही वेळा आवरला तरी तो भरलेलाच राहतो.

पसारा वेळ कसा खातो?

पसारा जागा खातो हे दिसतं. तो वेळही खातो, हे चटकन लक्षात येत नाही. ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही, ती शोधावी लागते. जी कुणीच वापरत नाही, तीही पुसावी लागते. दसऱ्याच्या आधी माळ्यावरचं सगळं खाली उतरवायचं, झटकायचं आणि त्यातलं बहुतेक सगळं पुन्हा वर चढवायचं, हा कार्यक्रम कितीतरी घरांत दरवर्षी न चुकता होतो.

ज्यांची बदलीची नोकरी आहे, त्यांना हे जास्त चांगलं ठाऊक असेल. नाशिकहून इंदूरला, इंदूरहून हैदराबादला जाताना काही खोकी न उघडताच पुढच्या घरी जातात. ट्रकचं भाडं मात्र त्यांचंही भरावं लागतं.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा बारकाईने अभ्यास केला. आई-वडील दोघंही नोकरी करणारे, घरात मुलं, अशी ही कुटुंबं होती. त्यांपैकी ३० जोडप्यांनी आपलं घर फिरून दाखवताना काय वर्णन केलं, ते पुढे तपासलं गेलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे उल्लेख जास्त होते, त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणात असताना पसारा जास्त खुपतो, हे एका अभ्यासावरून सांगता येत नाही. पण अर्धवट कामांनी भरलेल्या घरात माणूस निवांत बसू शकत नाही, हा अनुभव आपल्यालाही आहेच.

आणि हा सगळा वेळ घरातल्या कुणाचा जातो? २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. तेव्हा ‘स्वतःसाठी वेळ काढ ना’ असं घरातल्या बाईला सांगणं सोपं आहे. तो वेळ कुणाच्या वाट्यातून निघणार, हे त्याच वाक्यात सांगायला हवं.

वस्तू सोडवत का नाही?

१९९० साली प्रसिद्ध झालेला एक गाजलेला प्रयोग आहे. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि विकायला सांगितलं. मग मिळालेल्यांनी जी किंमत मागितली, ती विकत घेणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीहून जास्त होती. मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी तो ‘आपला’ झाल्यावर त्याचं मोल वाढलं. मग दहा वर्षं घरात असलेल्या वस्तूचं काय होत असेल, विचार करा.

त्यात भर पैशांची. ‘आठ हजारांची व्यायामाची सायकल आहे, अशी कशी देऊन टाकायची?’ पण ते आठ हजार सायकल घेतली त्याच दिवशी गेले. ती ठेवल्याने परत येणार नाहीत. आता ती रोज तीन फूट जागा घेते आणि वर ओले टॉवेल वाळवते.

‘करेन कधीतरी’च्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. वस्तू विकत घेतली की काम सुरू झाल्यासारखंच वाटतं. नवी वही, नवे बूट, नवा ब्रश, सगळ्यांचा उत्साह असतो, आणि नव्याचे नऊ दिवस सरले की वस्तू माळ्यावर जाते. ती घरात आहे तोवर आपण ते काम सोडलेलं नाही, अशी समजूत काढता येते. म्हणूनच ती देऊन टाकणं इतकं जड जातं. वस्तूबरोबर आपल्याला एक निर्णयही घ्यावा लागतो.

आईची पेटी

माझ्या आईची हार्मोनियम मी लहानपणापासून कपाटावर बघत आले. पेटीवर चादर, चादरीवर सुटकेस. लग्नाआधी आई गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा देत होती. मध्यमा पूर्ण झाली आणि विशारद राहिलं. मग नोकरी, आजीचं आजारपण, माझी दहावी, बारावी. गाण्याचा विषय निघाला की ती म्हणायची, ‘रिटायर झाले की बघू.’

मागच्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, म्हणून पेटी खाली उतरली. भाता फाटला होता, दोन-तीन सूर बोलतच नव्हते. दुरुस्तीचा खर्च ऐकून बाबा म्हणाले, ‘त्यापेक्षा देऊन टाकू या.’ आई तेव्हा काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, ‘द्यायची असेल तर देऊ. पण मग मी परत गाणार नाही, हे मला आज ठरवावं लागेल.’

बाबांनी त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याला फोन केला.

खरं काम मात्र पेटी दुरुस्त होऊन आल्यावर सुरू झालं. ती पुन्हा कपाटावर गेली असती, तर सगळं तिथेच थांबलं असतं. हॉलच्या कोपऱ्यात जुन्या मासिकांचे गठ्ठे होते, ते रद्दीत गेले आणि तिथे पेटी आली. वेळ ठरली संध्याकाळी साडेसातची. ती वेळ होती पोळ्यांची. म्हणून आठवड्यातले चार दिवस पोळ्या बाबांकडे आणि माझ्याकडे आल्या. बाबांच्या पोळ्यांच्या आकाराविषयी मी इथे काही लिहीत नाही. आई विशारदला बसणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पण आठवड्यातले चार दिवस घरात पेटी वाजते.

याच आवराआवरीत आईने भरतकामाची रिंग, दोरे आणि कापडं स्वतःहून शेजारच्या मुलीला देऊन टाकली. म्हणाली, ‘हे मला कधी करायचंच नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्या जणी शिकत होत्या, म्हणून आणलं होतं.’ एका वस्तूला तिने जागा दिली, दुसरीला निरोप दिला. दोन्हीनंतर ती सारखीच मोकळी दिसली. हेच आपल्यालाही करायचं आहे. कसं, ते पुढे सांगते.

पायरी १: राहून गेलेल्या गोष्टींची यादी करा

एक वही घ्या. घरभर फिरून फक्त ‘करेन कधीतरी’च्या वस्तू लिहा. डबे, कपडे, कागदपत्रं आत्ता नकोत. प्रत्येक वस्तूसमोर हे तीन प्रश्न स्वतःला विचारा:

• ही वस्तू आज दुकानात दिसली, तर मी पैसे देऊन घेईन का?

• हे मला खरंच करायचं आहे, की करायला हवं असं फक्त वाटतं?

• पुढचे तीन महिने यासाठी आठवड्याला दोन तास द्यायचे झाले, तर ते कुठून येतील?

मग प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक शब्द लिहा: ‘आत्ता’, ‘नंतर’ किंवा ‘निरोप’.

‘आत्ता’मध्ये एकच गोष्ट ठेवा. फार तर दोन. गिटार, इंग्रजी संभाषण, वजन आणि बाल्कनीतली बाग असे चारही संकल्प एकाच सोमवारी सुरू केले, तर पुढच्या सोमवारपर्यंत त्यातलं काय उरतं हे आपल्याला माहीत आहे.

‘नंतर’च्या वस्तू एका खोक्यात भरा आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात तारीख लिहा. समजा, आजपासून सहा महिन्यांनंतरची. फोनमध्ये त्या दिवसाचं रिमाइंडर लावा. तोवर खोकं उघडलंच गेलं नाही, तर त्या दिवशी ते घराबाहेर जाईल, हे आत्ताच ठरवून टाका. ‘कधीतरी’ला तारीख दिली की निर्णय टाळता येत नाही.

‘निरोप’ लिहिताना वाईट वाटेल. वाटू द्या. पंचविसाव्या वर्षी जे करावंसं वाटलं, ते पंचेचाळिसाव्या वर्षी करावंसं वाटायलाच हवं असं काही नाही.

पायरी २: वेळ कुठे जातो ते बघा

तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, आपला वेळ कुठे जातो ते दर दोन तासांनी एका ओळीत लिहा. फोनचा हिशोब लिहायचीही गरज नाही. अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या ठिकाणी तो तयार असतो. आकडा बघून स्वतःला रागावू नका. त्यातली रोजची पंचवीस मिनिटं उचलता येतील का, एवढंच बघा.

काही जणींच्या नोंदीत मात्र फोन नसेलच. सकाळी साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत कामंच कामं असतील. अशा वेळी लवकर उठा हा सल्ला निरुपयोगी आहे. घरातली कामं कागदावर लिहा आणि सगळ्यांसमोर ठेवा. दूध तापवणं, कपड्यांच्या घड्या, सिलिंडर बुक करणं, आजोबांच्या गोळ्या आणणं, डबे भरणं, सगळं लिहा. बऱ्याच घरांत ही यादी बघूनच बाकीचे गप्प होतात. मग ‘मदत करतो’ असं म्हणण्याऐवजी प्रत्येकाने दोन कामं कायमची आपल्या नावावर घ्यावीत. आठवीतली मुलंही घड्या घालू शकतात.

पायरी ३: ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हेही ठरवा

‘रोज वाचन करेन’ हा संकल्प झाला. ‘रात्रीची भांडी आवरली की बाल्कनीतल्या खुर्चीत बसून दहा पानं वाचेन’ ही योजना झाली.

पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रँडस्टेटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी मुद्दाम सांगते. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायला सांगितलं. काहींना तो कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवायला लावलं. ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी काम वेळेत केलं. न ठरवलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशच जणांनी केलं. फरक फक्त आधी ठरवून ठेवण्याचा होता.

तुमच्या घरात ही योजना अशी असू शकेल:

• कॉलेजमधल्यांसाठी: बसमधून घरी येताना रील्स उघडण्याआधी पंधरा मिनिटं जर्मन.

• घर सांभाळणाऱ्यांसाठी: मुलांची स्कूल बस गेली की स्वयंपाकघरात परत न जाता थेट मॅटवर.

• रात्रपाळीवाल्यांसाठी: उठल्यावर चहा गाळून झाला की अर्धा तास परीक्षेचा अभ्यास.

• निवृत्तांसाठी: दुपारची झोप झाली की आठवणींच्या वहीत एक पान.

आणि ज्या वस्तूची गरज आहे ती हाताशी ठेवा. वही चहाच्या डब्याजवळ, मॅट दाराशी, पेटी जमिनीवर. स्टूल आणून, वरचं सामान हलवून मग काम सुरू करायचं असेल, तर दमून आलेल्या दिवशी ते होणार नाही. आवरण्याचं काम इथे उपयोगी पडतं. सगळं घर चकचकीत झालं नाही तरी चालेल, आपल्या कामापुरती ही एक जागा मोकळी झाली की पुष्कळ झालं.

पायरी ४: वीस मिनिटांचं आवरणं

एका रविवारी सगळं घर आवरायला काढलं की दुपारी दोनपर्यंत पलंगावर डोंगर होतो आणि रात्री झोपायचं म्हणून तोच डोंगर कपाटात कोंबला जातो. त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं घ्या. गजर लावा आणि एका वेळी एकच खण उघडा. महिन्याचा क्रम असा ठेवता येईल:

• पहिला आठवडा: ज्यात भावना गुंतलेल्या नाहीत असं सामान. झाकण हरवलेले डबे, पार्सलचे प्लास्टिक डबे, मुदत संपलेले मसाले, बंद पडलेले पेन.

• दुसरा आठवडा: कपडे आणि चादरी. वर्षभरात अंगाला न लागलेले कपडे वेगळे काढा. लग्नाचा शालू याला अपवाद.

• तिसरा आठवडा: कागद. जुनी बिलं, बंद पडलेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं. घराची, बँकेची, शिक्षणाची, कराची आणि आरोग्याची कागदपत्रं वेगळ्या फाइलमध्ये जपा.

• चौथा आठवडा: ‘करेन कधीतरी’ची यादी. ‘निरोप’च्या वस्तू या आठवड्यात बाहेर जातील.

फोटो, पत्रं आणि बाळाची पहिली झबली यांना या महिन्यात हात लावू नका. तिथे वीस मिनिटांचे दोन तास होतात आणि एकही वस्तू हलत नाही.

काढलेलं सामान कुठे जाईल?

‘देण्यासाठी’ असं लिहिलेली पिशवी दाराशी तीन महिने पडून राहिली, तर तोही पसाराच. म्हणून कोण, कुठे, कधी हे पिशवी भरतानाच ठरवा.

• पुस्तकं: परीक्षेची पुस्तकं सोसायटीच्या ग्रुपवर टाकली तर बऱ्याचदा लगेच जातात. बाकीची जवळच्या वाचनालयाला विचारून द्या.

• कपडे: धुतलेले, वापरता येतील असेच द्या. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था असे कपडे आणि घरगुती सामान स्वीकारते. तुमच्या भागात अजून बोहारीण येत असेल, तर तिच्या हातून कपडे पुन्हा वापरात जातात. फक्त बदल्यात आणखी एक स्टीलचा डबा घरात येणार असेल, तर जरा विचार करा.

• जुन्या साड्या: गोधडी सुंदर होते. पण ती कोण शिवणार आणि कधी, हे ठरलेलं असेल तरच साड्या ठेवा. नाहीतर एका ‘लागेल कधीतरी’चं ‘करेन कधीतरी’ होईल.

• जुने फोन, चार्जर, बॅटऱ्या: हा ई-कचरा आहे. साध्या कचऱ्यात टाकू नका. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडे किंवा महापालिकेच्या, कंपन्यांच्या संकलन केंद्रांवर द्या. त्याआधी फोनमधली माहिती पूर्ण पुसून टाका. फुगलेली बॅटरी इतर सामानात मिसळू नका.

• मुदत संपलेली औषधं: कुणाला देऊ नका, बेसिनमध्ये ओतू नका. घरातला घातक कचरा म्हणून ती वेगळ्या पिशवीत द्यायची असतात.

दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नका

घरातली निम्मी भांडणं इथे होतात. सासूबाईंच्या पितळी डब्यांवर, नवऱ्याच्या जुन्या कॅसेटवर किंवा मुलीच्या खडूंवर तुमचा निर्णय चालणार नाही. आपल्या आजी-आजोबांनी रेशनच्या रांगा बघितल्या आहेत. दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणं ही त्यांच्या पिढीची शहाणपणाची सवय होती. तिची टिंगल करू नका.

विचारा मात्र जरूर. ‘हे टाकू का?’ असं विचारलं तर उत्तर ‘असू दे’ हेच येणार. ‘हे कुठलं आहे? कुणी दिलं होतं?’ असं विचारून बघा. गोष्ट सांगून झाली की कितीदा तरी माणूस स्वतःच म्हणतो, ‘घेऊन जा, आता काय करायचंय.’ आणि तसं म्हणाला नाही, तर वस्तू राहू द्या. तुम्हाला ती गोष्ट तर कळली.

खाडा झाला तर?

होणारच. पाहुणे येतील, ताप येईल, मुलांच्या परीक्षा येतील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं त्यात दिसलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते ही ऐकीव गोष्ट मनावर घेऊ नका. याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

तेव्हा खाडा झाला की कॅलेंडरवर ती तारीख मोकळी सोडा आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बसा. पंचवीस मिनिटं जमत नसतील तर पाच मिनिटं बसा, पण जागा आणि वेळ तीच ठेवा.

पुन्हा साचू नये म्हणून

घरातून वस्तू निघाल्या तरी दार उघडंच असतं. ऑनलाइन कार्टमध्ये टाकलेली वस्तू दोन दिवस तशीच राहू द्या आणि मग परत बघा. छंदाचं सामान आधी उसनं घ्या. महिनाभर शेजाऱ्यांच्या रॅकेटने खेळून झालं, की मग आपली रॅकेट घ्या.

आणि संक्रांतीच्या वाणाचंही बघा. प्लास्टिकच्या टोपल्या आणि गाळण्या आपण एकमेकींच्या घरी पोचवत राहतो. त्याऐवजी गूळ, घरचा मसाला किंवा कोथिंबिरीचं बी लुटलं तर ते महिन्याभरात वापरून संपेल. ब्लाउज पीसबद्दल मी काय सांगू? आपण दिलेला पीस दोन वर्षांनी आपल्याच ओटीत आला, असं कितीतरी जणींनी सांगितलं आहे.

या आठवड्याचं काम

सगळ्या पायऱ्या आजच नकोत. या आठवड्यात फक्त यादी करा आणि एकाच वस्तूसमोर ‘आत्ता’ असं लिहा. त्याखाली दिवस, वेळ आणि जागा लिहा. घरातल्या एका माणसाला ते मोठ्याने वाचून दाखवा आणि त्या वेळेचं तुमचं एक काम त्याच्याकडे सोपवा. मग ती वस्तू माळ्यावरून खाली काढा, पुसा आणि ठरलेल्या जागी ठेवा.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा आपण स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळू. झाकणं आत्तापासून शोधायला घ्या!